आकडा बदलला, रेघ तिथेच

मला मार्किंगवाल्या मामांनी वाचवलं. हे आधी लिहून ठेवते. पुढे मी जे सांगणार आहे त्यात कॉम्प्युटर येईल, मालक येतील, पुण्याहून आलेला टायवाला माणूस येईल, आणि एवढ्या लोकांत मामा मागे पडतील. तसे ते नेहमी मागेच असायचे. मशीन शॉपच्या उत्तरेकडच्या खिडकीखाली त्यांचं बिडाचं सपाट टेबल होतं, आणि इतक्या वर्षांत त्यांना ऑफिसच्या पायऱ्या चढताना कुणी पाहिलं नव्हतं. माझ्यासाठी ते चढले.

मार्किंग म्हणजे काय ते सांगते. फाउंड्रीतून ओतीव भाग येतो तो ओबडधोबड, दगडासारखा. त्याला चुना फासायचा, टेबलावर टेकू देऊन नीट उभा करायचा आणि पोलादी सुईने त्याच्यावर रेघा ओढायच्या: इथपर्यंत छिला, इथे भोक पाडा. पुढची मशीनं त्या रेघांवर चालतात. म्हणजे आमचा कागद लोखंडावर उतरवणारे ते एकटे. ड्रॉइंग चुकलं तर पहिल्यांदा त्यांना कळायचं.

मी मूळची भंडाऱ्याकडची. नागपूरला गाडी धरायची आणि दुसऱ्या दिवशी नगरला उतरायचं, एवढं लांब. नववीत होते तेव्हा ताईला जुळी झाली. भाऊजी नगरच्या एमआयडीसीत कामाला, घरात बाईमाणूस कुणी नाही, म्हणून मला दोन महिन्यांसाठी मदतीला आणलं. दोन महिन्यांचं वर्ष झालं. तिकडे शाळेने नाव कमी केलं. मी काही फार रडले नाही, पण तेव्हापासून कुणी 'शिक्षण किती?' विचारलं की माझ्या पोटात गोळा यायचा. तो अजून येतो.

माझ्याकडे एकच कागद होता, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचा. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून भाऊजींबरोबर एका कारखान्यात गेले. साखर कारखान्यांना लागणारे गिअरबॉक्स तिथे व्हायचे आणि त्यांना ट्रेसर हवी होती. पेन्सिलीच्या ड्रॉइंगवर अर्धपारदर्शक कागद ठेवून शाईने गिरवायचं काम. ड्रॉइंग ऑफिसच्या मुख्य ड्राफ्ट्समनना सगळे 'सर' म्हणत. त्यांनी माझ्यासमोर कागद टाकला, म्हणाले, "हा गोल काढ." मी काढला. घाबरले की माझा हात उलट स्थिर होतो. का ते माहीत नाही. नोकरी लागली.

पुढच्या वर्षी माझ्या वाट्याला कॉम्प्युटर आला. खरं म्हणजे तो आधीच आलेला होता. मालकांनी मुंबईच्या एका प्रदर्शनातून ड्रॉइंग काढायचा प्रोग्राम विकत आणला होता आणि आसपासच्या कारखान्यांत सगळ्यांत आधी आणला होता, याचा त्यांना फार अभिमान. काळा पडदा, त्यावर पिवळ्या रेघा. माउस नावालाच, सगळे हुकूम टाइप करून द्यायचे. कॉम्प्युटरच्या मागे काडेपेटीएवढं एक कुलूप लावलं तरच प्रोग्राम सुरू व्हायचा. ते कुलूप मालक रोज संध्याकाळी काढून ड्रॉवरमध्ये ठेवत, जशी काही तिजोरीची किल्लीच. सरांनी जाडजूड पुस्तक वाचून हा प्रोग्राम एकट्याने आत्मसात केला होता. ट्रेसिंगचं काम कमी झालं तसं त्यांनी मला शेजारी बसवलं. इंग्रजी मला येत नव्हतं, पण हुकूम तीन-चार अक्षरांचे होते, ते बोटांत बसले. दोन वर्षांत माझा हात सरांपेक्षा चपळ झाला.

तोवर तो प्रोग्राम म्हातारा झाला होता. बनवणारी कंपनी बंद पडलेली. पुण्याला कुणाला काही अडचण विचारली की आधी हसायचे, मग म्हणायचे, "अजून तेच वापरता?" पण मालकांचं म्हणणं ठरलेलं, "चालतंय ना? मग?"

चालत होतं, पण कसं ते आम्हालाच ठाऊक. त्या प्रोग्राममध्ये रेघेचा आणि तिच्यावर लिहिलेल्या मापाचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. माप म्हणजे नुसती अक्षरं. समजा, एखादं भोक बारा मिलिमीटर सरकवायचं आहे. तर ते भोक पुसा, त्याच्या भोवतीची भिंत पुसा, बोल्टची भोकं पुसा, सगळं नव्याने काढा. आणि प्रत्येक पुसण्यानंतर पडदा कोरा होऊन एकेक रेघ पुन्हा उमटायची. तेवढ्यात मी माठातलं पाणी पिऊन यायची. म्हणून ऑफिसात एक रीत पडली होती. गिऱ्हाइकाने माप बदललं की सर म्हणायचे, "नुसता आकडा बदल." चित्र जुनंच, आकडा नवा. प्रत्येक ड्रॉइंगच्या खाली छापलेलंच असायचं की चित्र मोजू नये, आकडे वाचावेत. मशीनवरची माणसं आकडेच वाचायची. त्यामुळे निभावत होतं.

दुसरी एक रीत होती ती सुतारांची. ओतकामासाठी आधी लाकडाचा पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उठवायचा नमुना, लागतो. गावातले एक वयस्कर सुतार आमचे पॅटर्न करायचे. बीड गार होताना आक्रसतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो. सरांना कल्पना सुचली: कॉम्प्युटरवरून त्यांच्यासाठी ड्रॉइंग शंभराला एक या बेताने मोठं करूनच छापायचं, खऱ्या आकारात. सुतारांनी ते खळीने प्लायवूडवर चिकटवायचं आणि रेघेवरून कापायचं. सुतार खूष. "आता चष्मा नको न् पट्टी नको," म्हणायचे. सरांना तर हा आपला शोध वाटायचा, आणि होताही.

या दोन रिती चार-पाच वर्षं एकाच ऑफिसात शेजारी शेजारी सुखाने नांदल्या. पॅटर्नची ड्रॉइंगं नवी असायची, आकडे बदललेली ड्रॉइंगं मशीनवर जायची. त्या ऑगस्टपर्यंत त्यांची कधी गाठ पडली नाही.

त्या ऑगस्टमध्ये एका साखर कारखान्याने हंगामाच्या आधी सहा गिअरबॉक्स मागवले. नेहमीचेच, फक्त दोन शाफ्टमधलं अंतर तीनशे चाळीसऐवजी तीनशे बावन्न हवं. सर घाईत होते. "नुसता आकडा बदल. उद्या सगळीकडे जाऊ दे." मी बदलला. मिनिटभराचं काम.

एक गोष्ट मी तेव्हा कुणाला सांगितली नाही, आता लिहिते. आकडा बदलताना माझ्या मनात येऊन गेलं होतं की 'सगळीकडे' म्हणजे हे सुतारांकडेही जाणार का? विचारावं, असं वाटलं. पण सर म्हणाले असते, "एवढं कळत नाही?" आणि मला ते वाक्य ऐकायचं नव्हतं. नववीत शाळा सुटलेल्या माणसाला ते वाक्य जरा जास्तच लागतं. मी गप्प बसले.

सप्टेंबरात गिअरबॉक्सच्या ओतीव बॉडी आल्या. दुसऱ्या दिवशी मामांनी निरोप धाडला, सरांना नाही, मला.

मी खाली गेले. टेबलावर चुना फासलेली बॉडी उभी होती आणि मामा कंपास हातात घेऊन तिच्याकडे बघत उभे.

"पोरी, ह्ये ड्रॉइंग तूच काढलं का?"

"हो, मामा."

"तीनशे बावन्न?"

"हो."

"मंग ह्यो दगड तीनशे चाळीसचा का हाय?"

त्यांनी कंपासचं एक टोक शाफ्टच्या एका भोकाच्या मध्यावर धरलं, दुसरं दुसऱ्याच्या, आणि पट्टीवर नेऊन दाखवलं. मग खिशातून आमचं खऱ्या आकारातलं, घडी केलेलं ड्रॉइंग काढलं आणि तोच कंपास चित्रावर टेकवला. बरोब्बर बसला.

"सुतारानं चित्र कापलं," मामा म्हणाले. "आकडा तू बदलला, रेघ हुती तिथंच ऱ्हायली."

"मामा, मला काढून टाकतील."

"आधी पानी पी."

"ताईकडे काय सांगू मी?"

"पानी पी म्हनतो ना. बाराच मिलिमीटर हायेत, बारा कोस न्हाईत."

पुढचे दोन दिवस मामा त्या सहा बॉडींशी झगडत होते. दोन्ही भोकं थोडी थोडी विरुद्ध बाजूला सरकवायची, सहा इकडे, सहा तिकडे. कुठे धातू जास्त सुटला होता तिथून घ्यायचा, बॉडी किंचित तिरकी बसवायची, पुन्हा चुना, पुन्हा रेघा. कुठल्या पुस्तकात हे नसतं. ज्या चार जमण्यासारख्या होत्या त्या जमवल्या. पाचवीवर आणि सहावीवर त्यांनी हात ठेवला आणि मान हलवली. "ह्या दोघींची भिंत लई पातळ व्हईल. फुटंल कारखान्यात जाऊन. त्ये पाप नगं."

सहाही जमल्या असत्या तर वर कुणाला कळलंसुद्धा नसतं. तसंच चालत आलं होतं, हे मला त्या दिवशी समजलं.

गुरुवारी मालक शिर्डीला जायचे. त्यामुळे जे व्हायचं ते शुक्रवारी झालं. मालकांच्या केबिनमध्ये मी आणि सर उभे. मालक ओरडणारे नव्हते, हळू बोलायचे, आणि ते जास्त वाईट.

"आकडा कोणी बदलला?"

"मी," मी म्हणाले.

"शिक्षण किती हिचं?" हे त्यांनी सरांना विचारलं, मला नाही.

सर म्हणाले, "नववी."

"नववी," मालक म्हणाले. मग टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत पुन्हा म्हणाले, "नववी."

सरांनी सांगितलं नाही की नुसता आकडा बदल असं तेच म्हणाले होते. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्याही पोटात गोळा येत असेल, कुणाला दिसत नव्हता एवढंच. मी मनातल्या मनात ताईला काय सांगायचं ते जुळवत होते. जुळ्यांच्या शाळेची तेव्हाच सुरुवात होती. माझ्या पगाराशिवाय त्या घराचं कसं होणार, आणि भंडाऱ्याला परत जायचं तर कोणत्या तोंडाने, कुठल्या वर्गात?

तेवढ्यात दारात मामा दिसले. चपला त्यांनी बाहेर काढून ठेवल्या होत्या, देवळात शिरावं तशा. हाताला कोपरापर्यंत चुना. हातात एक लांबट वही, कव्हर तेलाने काळं पडलेलं.

"साहेब, पोरीला बोलन्याआधी ह्ये बघा."

ती वही शॉपमध्ये सगळ्यांना माहीत होती, पण आत काय आहे ते कुणी पाहिलं नव्हतं. पुढच्या बाजूने मामांची स्वतःची विद्या होती: गोलाचे सात सारखे भाग कसे करायचे, वाकडी ओतलेली बॉडी टेबलावर कशी बसवायची, सगळं पेन्सिलीच्या चित्रांनी. वही उलटी करून मागच्या बाजूने एक यादी होती. ड्रॉइंगचा नंबर, 'चित्रात इतकं', 'आकड्यात इतकं'. ओळीखाली ओळ. मालकांनी बोट फिरवत मोजलं. त्रेचाळीस ड्रॉइंगं.

मालकांचा चेहरा बदलला, पण आमच्या बाजूने नाही. "म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला माहीत होतं? आणि तुम्ही ड्रॉइंग सोडून काम करत होता?"

ड्रॉइंग सोडून काम करणं हा आमच्याकडे सगळ्यांत मोठा गुन्हा होता. मामांची नोकरी थोडीच वर्षं उरली होती.

"ड्रॉइंग सोडून न्हाई साहेब. चित्र सोडून. आकड्यानं केलं समदं. एक पीस परत आला का कवा?"

मालकांनी वहीचं एक पान उलटलं.

"कोन कुठं चुकतंय त्ये वर सांगायची आमची पद्धत न्हाई. खाली निस्तरायचं न् गप ऱ्हायचं. पन ह्या येळंला दोन पीस निस्तरंनात. म्हून आलो."

"यातली हिने केलेली किती?"

"त्ये लिव्हलं न्हाई. कोनी केलं, त्येची वही न्हाई ही."

सर पुढे येऊन म्हणाले, "निम्म्याहून जास्त माझी आहेत. आणि हेही मीच सांगितलं होतं, नुसता आकडा बदल म्हणून."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तेव्हा. त्या आधी नाही.

मालकांनी वही मिटली. "ठीक आहे. यापुढे नुसता आकडा बदलायचा नाही. रेघ बदलायची. कॉम्प्युटर कशाला घेतलाय?"

मामांनी मला कोपराने हळूच ढोसलं, बाहीला चुना लागला. "सांग की आता."

"साहेब," मी म्हणाले, "एक भोक सरकवायला अर्धा दिवस जातो."

"अर्धा दिवस? कॉम्प्युटरवर?"

"तुम्ही शेजारी बसून बघा, साहेब."

हे मी बोलले यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही. पण मालक खरंच बसले. शनिवारी सकाळी दहा वाजता माझ्या शेजारी खुर्ची ओढून. मी तीनशे चाळीसचं तीनशे बावन्न करायला घेतलं, या वेळी खरोखरचं. एक गोल पुसला. पडदा कोरा झाला. रेघा एकेक करत उमटू लागल्या. मालक म्हणाले, "बिघडला का?" मी म्हटलं, "नाही साहेब, असंच असतं." दुसरा गोल पुसला. पडदा कोरा. चहा आला, कप रिकामे झाले, पुन्हा चहा आला. मालकांनी पेपर वाचून संपवला, छोट्या जाहिरातींसकट. एक वाजून गेला तेव्हा त्यांनी विचारलं, "अजून किती?"

"आता बोल्टची भोकं, साहेब. एका बाजूची झाली."

मालक उठले. दारापर्यंत जाऊन वळले, सरांना म्हणाले, "नवा प्रोग्राम विकायला तो पुण्याचा माणूस आला होता ना दोन वर्षांपूर्वी? त्याचा नंबर आहे का?"

नंबर होता. सरांनी तो त्यांच्या त्या जाड पुस्तकातच खूण म्हणून ठेवला होता. मला याचं फार वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. ज्या प्रोग्रामवर त्यांनी एवढी वर्षं घातली तो जावा असं त्यांनाही कुठेतरी वाटत असणार, पण स्वतःच्या तोंडाने कसं म्हणणार?

पुण्याचा माणूस गुरुवारीच आला. आदल्या खेपेला मालकांनी त्याला चहावर परत पाठवलं होतं, तरी तो लगेच तयार झाला, कारण नंतर मालकांच्या गाडीतून शिर्डीचं दर्शन होणार होतं. त्याने आपला कॉम्प्युटर मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून आणला होता, बाळासारखा. मालकांनी मामांनाही वर बोलावलं. मामा खुर्चीच्या अगदी टोकावर बसले, जणू चुना लागेल.

त्या माणसाने पडद्यावर एक विमान आणलं. रंगीत. ते फिरवलं, उलटं केलं, पोटातून दाखवलं.

मालक म्हणाले, "आम्ही विमानं करत नाही."

त्याने मोटारीचं इंजिन आणलं. तेही फिरवलं. मालकांनी घड्याळाकडे बघितलं. मला कळेना काय करावं. असाच वेळ गेला तर मालक पुन्हा म्हणणार, चालतंय ना? मामा माझ्याकडे वाकून कुजबुजले, "त्येला तीनशे चाळीस इचार."

मी उठले. "जरा दोन गोल काढता का? मधलं अंतर तीनशे चाळीस. बाहेरून भिंत. आणि कडेला बोल्टची भोकं."

त्याला ते फारच साधं वाटलं असणार. त्याने काढलं.

"आता तीनशे बावन्न करा."

त्याने आकड्यावर टिचकी मारली, तीनशे बावन्न टाइप केलं, आणि दुसरा गोल सरकला. नुसता गोल नाही, भिंत सरकली, भोकं सरकली, सगळं लटांबर आकड्याच्या मागे निघालं. पडदा कोरासुद्धा झाला नाही.

मामा म्हणाले, "परत कर."

त्याने परत तीनशे चाळीस केलं. सगळं मागे आलं. मग मालक स्वतः पुढे झाले, एका बोटाने तीन, पाच, दोन दाबलं. मग तीन, चार, शून्य. मग पुन्हा. दिवाळीत फुलबाजी पेटवावी तसं त्यांचं तोंड झालं होतं. पाच-सहा वेळा तरी त्यांनी ते केलं असेल.

मामांनी हात वर केला, शाळेत करतात तसा. "साहेब, एक इचारू? ह्याच्यात आकडा खोटा लिव्हता येतो का?"

पुण्याच्या माणसाला वाटलं, हीसुद्धा काहीतरी मागणी आहे. तो उत्साहाने म्हणाला, "येतो ना काका! चित्र तसंच ठेवून नुसता आकडा बदलता येतो. तीही सोय दिलीय!"

आधी मालक हसले. मग सर. मग मी, डोळे पुसत. त्या बिचाऱ्याला काही कळेना.

"मंग ती सोय बंद ठिवा," मामा म्हणाले.

मालकांनी प्रोग्राम घ्यायचं तिथेच ठरवलं. पण माझा जीव अजून टांगणीलाच होता, कारण पुढच्या वाक्यात ते म्हणाले, "हे चालवायला डिप्लोमावाला मुलगा घ्यावा लागेल. पुण्याला ट्रेनिंग आहे, इंग्रजीत."

मी माझ्या हातांकडे बघत बसले. बरोबरच होतं ते. जुना प्रोग्राम जात होता, आणि मला येत होता तो तोच. मीच मालकांना शेजारी बसवून तो घालवला होता.

"जुनी ड्रॉइंगं ह्याच्यात येतील का?" मामांनी विचारलं.

पुण्याचा माणूस म्हणाला, रेघा येतील, पण आकडे पुन्हा द्यावे लागतील. नव्याने काढलेली बरी.

"मंग काढनार कोन? साहेब, डिप्लोमावाला जुन्या चित्रावर इस्वास ठिवील. त्येला काय ठावं कुठली रेघ खोटी हाय? ह्या पोरीला ठावं हाय. वहीत त्रेचाळीस हायेत, हिच्या डोक्यात आनखी असतील. व्हय का न्हाई, गं?"

"अकरा," मी म्हणाले. मला पाठ होती. ज्या ज्या वेळी आकडा बदलला त्या त्या वेळी ते मनाला टोचलं होतं, म्हणून एकही विसरले नव्हते.

मालकांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे. "इंग्रजीतलं ट्रेनिंग जमेल?"

मी उत्तर द्यायच्या आधी सर म्हणाले, "मी असतो ना शेजारी. मी इंग्रजी सांगीन, ती मला प्रोग्राम सांगेल. मलाही आता नव्याने शिकायचंय."

आणि मालक म्हणाले, "मग तुम्ही दोघं जा." एवढंच. मग ते शिर्डीला निघून गेले.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन ताईला सगळं एका दमात सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने हात धुतले आणि भात लावला. नगरला आल्यापासून मी भाकरीची सवय केली होती, पण भाताशिवाय आम्हा भंडाऱ्याकडच्यांचं जेवण होत नाही, हे तिला माहीत होतं. मी इतका भात खाल्ला की भाऊजी म्हणाले, "उद्या ऑफिसला जायचंय ना, का इथेच झोपणार?" कितीतरी दिवसांनी पोटात गोळा नव्हता.

पुढचे आठ महिने मी जुनी ड्रॉइंगं नव्याने काढली, मामांची वही शेजारी उघडी ठेवून. एकेक ओळ झाली की पेन्सिलीने बारीक टिंब. मामा आता चहाच्या सुट्टीत वर यायचे, चपला बाहेरच काढायचे. सुतारांनी निरोप पाठवला, "चित्रावर इस्वास ठेवू का आता?" मी कळवलं, ठेवा. डिप्लोमावाला मुलगा पुढे आलाच, पण तो माझ्या हाताखाली आला, आणि पहिल्या दिवशी मी त्याला सांगितलं ते एवढंच, की शंका आली की विचारायचं, मी 'एवढं कळत नाही?' असं म्हणणार नाही.

आता माझ्या हातून झालेलं दुसरं नुकसान. काम संपलं तेव्हा वही मामांना परत द्यायची होती. मी ती जुन्या ट्रेसिंग टेबलाच्या खणात ठेवली, उद्या देऊ म्हणून. मध्येच गावाकडे भावाचं लग्न निघालं. मी भंडाऱ्याहून परत आले तर आणखी एका नव्या कॉम्प्युटरसाठी खोली मोकळी केलेली. जुनी टेबलं भंगारात गेली होती, खणांसकट. मी भंगारवाल्याकडेही जाऊन आले. वही गेली ती गेली.

मी खाली जाऊन मामांना सांगितलं. त्यांनी क्षणभर खिडकीबाहेर बघितलं. नंतर म्हणाले, "जाऊ दे गं. डोक्यात हाय समदं." पण ते क्षणभर बघणं मी पाहिलं होतं.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले आणि राहुरीच्या अलीकडे आपल्या गावी गेले. मी वर्षातून एक-दोनदा जाते. अलीकडे त्यांचा हात कापतो, कपातला चहा बशीत सांडतो, आणि त्यावर ते स्वतःच म्हणतात, "आता ह्या हातानं रेघ मारली तर तुमच्या जुन्या कॉम्प्युटरवानी निघंल." मागच्या खेपेला मी त्यांना गोलाचे सात भाग कसे करायचे ते विचारलं. त्यांनी अंगणात काडीने काढून दाखवलं, तिसऱ्या कंसाशी अडले, कपाळाला हात लावून बसले, आणि मग आठवलं. आठवल्यावर जे हसले.

घरी आल्यावर मी ते पान काढलं. वहीतलं जे जे मला आठवतं ते मी गेलं वर्षभर काढते आहे, मामांनी पेन्सिलीने काढलं होतं त्याच मांडणीत, त्यांच्याच शब्दांत. प्रत्येक रेघ मोजून, आकडा आणि चित्र जुळतंय ना ते दोनदा बघून. अकरा पानं झाली आहेत. वही याहून पुष्कळ मोठी होती. उरलेलं त्यांना विचारत विचारत काढीन, अंगणात बसून, जितक्या खेपा लागतील तितक्या. मग ती सगळी पानं शिवून, वर काळं कव्हर घालून, एक दिवस मी त्यांच्या हातात त्यांची वही परत देईन. मामा, देणार आहे मी. थोडं थांबा.